जामिनानंतरचा पाठपुरावा

मल्हारगंजात कुणाला पत्ता विचारा, तो घर क्रमांक सांगणार नाही. बडा गणपतीकडून या, मंदिराच्या गल्लीत वळा, दुधाच्या दुकानासमोरचा जिना चढा, असं सांगेल. मल्हारराव होळकरांचं नाव लावणाऱ्या या जुन्या वस्तीत मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि इंदूरच्या हिंदीत मिसळलेली त्यांची मराठीही आहे. वरच्या मजल्यांवरच्या मागच्या खोल्यांत मात्र बाहेरगावाहून आलेली माणसं राहतात. त्यांचं भाडं रोख असतं. पावती नसते, करारही नसतो. पोस्टमनला ही माणसं सापडतात. कोर्टाच्या कागदावर ती 'निश्चित पत्ता नसलेली' ठरतात.

समजा, अशाच एका खोलीत खरगोनकडचा पंचविशीतला मुलगा राहतो. सेंट्रिंगच्या कामावर जातो. सोबतच्या मजुराच्या मोटरसायकलवर मागे बसून येताना पोलीस थांबवतात, गाडी चोरीची निघते आणि दोघांवर गुन्हा दाखल होतो. ही गोष्ट मी कल्पून सांगतो आहे, पण फौजदारी कोर्टाच्या ओट्यावर आठवडाभर बसणाऱ्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. मुलगा न्यायिक कोठडीत जातो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो. बाराव्या दिवशी पंचवीस हजारांच्या जमानतदारावर जामीन मंजूर होतो. वकील म्हणतो, काम झालं. पुढे दोन महिने मुलगा आतच असतो.

असं का होतं? इंदूरच्या कोर्टात जमानतदार म्हणून उभं राहायचं तर ऐपत दाखवावी लागते, आणि मध्य प्रदेशात त्याची सर्वांत ओळखीची खूण म्हणजे शेतकऱ्याची ऋण पुस्तिका. महाराष्ट्रात सातबारा आणि ऐपतीचा दाखला मागतात, तसंच हे. कोर्ट त्या पुस्तिकेत नोंद करतं आणि खटला संपेपर्यंत ती रक्कम जमिनीच्या माथ्यावर बसते. मुलाच्या काकाकडे पुस्तिका आहे, पण काका खरगोनच्या पुढे एका पाड्यावर. त्याला कळवणार कोण? मुलाचा फोन जप्तीत आहे आणि नंबर सगळे त्या फोनमध्ये होते, पाठ एकही नाही. ठेकेदाराने चौथ्या दिवशी दुसरा माणूस घेतला. घरमालकाने दुसऱ्या महिन्यात खोलीतलं सामान जिन्याखाली काढून ठेवलं. ज्या पत्त्यावर त्याला सोडायचं होतं तो पत्ता आता राहिलेला नाही. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जमानतदार होणारे भेटतात. त्यांचे कागद खोटे निघाले, तर फसवणुकीचा आणखी एक गुन्हा डोक्यावर येतो.

हुकूम निघाला तरी तुरुंगाचं फाटक उघडत नाही. त्या दोहोंमधलं अंतर कापायला माणूस लागतो. या लेखाचा विषय तो माणूस आहे. त्यातही अशा आठदहा जणांच्या कामाला दिशा देणाऱ्या प्रमुखाबद्दल मला जास्त बोलायचं आहे. इंग्रजीत या कामाला केस मॅनेजमेंट म्हणतात. मराठीत त्यासाठी एक नेमका, रोजच्या वापरातला शब्द आहे: पाठपुरावा.

या अंतरावर देशातला सर्वांत स्पष्ट निवाडा मध्य प्रदेशच्याच एका गरीब गवंड्याच्या नावाने ओळखला जातो. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, २४ ऑगस्ट १९७८. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला होता, रक्कम ठरवणं खालच्या मॅजिस्ट्रेटवर सोपवलं होतं. मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जमानतदार मागितला. भाऊ उभा राहायला आला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. मोतीराम पुन्हा दिल्लीच्या दारात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि डी. ए. देसाई यांच्या पीठाने विचारलं, की आपल्याच देशातला माणूस जिल्हा ओलांडल्यावर परका कसा होतो? जमानतदार परजिल्ह्यातला म्हणून नाकारता येणार नाही असं बजावून त्यांनी मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. गवंड्याची ऐपत आणि दहा हजार यांच्यात किती अंतर आहे, हे त्या दिवशी न्यायालयाने मोजून दाखवलं. तरीही आज मल्हारगंजच्या त्या मुलाच्या काकाला पुस्तिका घेऊन दोन दिवसांची मजुरी बुडवून इंदूरला यावंच लागतं. निवाडा मोतीरामच्या बाजूने लागला, पण तो खालच्या कोर्टातल्या टेबलापर्यंत रोज नेणारा कुणी नेमला गेला नाही.

पुढच्याच वर्षी बिहारमधल्या तुरुंगांचा प्रश्न आला. खुसरो रुस्तमजी यांनी तिथल्या कच्च्या कैद्यांवर वर्तमानपत्रात लिहिलं. हे रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीचे. मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक राहिलेले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले महासंचालक. आयुष्य खाकीत गेलेल्या या माणसाला तुरुंगात विनाखटला कुजणारी माणसं दिसली, याचं मला फार मोल वाटतं. त्या लेखांवरून वकील कपिला हिंगोरानी यांनी याचिका केली आणि हुसैनारा खातून प्रकरण उभं राहिलं. आरोप सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काही माणसं नुसती वाट बघत आत होती. न्यायमूर्ती भगवती यांनी त्या निकालात पैशावर उभ्या असलेल्या जामिनाला पर्याय सुचवताना न्यू यॉर्कच्या एका प्रयोगाचा आधार घेतला.

तो प्रयोग म्हणजे १९६१ चा मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट. लुई श्वाइट्झर नावाच्या उद्योजकाला कळलं, की केवळ जामिनाची रक्कम नाही म्हणून तरुण मुलं महिनोन्‌महिने तुरुंगात आहेत. त्याने पैसा दिला, हर्बर्ट स्टर्झ या तरुण संपादकाने काम उभं केलं आणि संस्थेला श्वाइट्झरच्या आईचं, वेराचं, नाव दिलं. काम साधं होतं. कायद्याचे विद्यार्थी आरोपीला कोर्टात नेण्याआधी भेटत. कुठे राहतोस, किती दिवसांपासून, कुणाबरोबर, काम काय, आधीचा गुन्हा आहे का, असं विचारून उत्तरांना गुण देत. मग फोन करून किंवा प्रत्यक्ष जाऊन ती उत्तरं पडताळत आणि पुरेसे गुण झाले तर याला पैशाशिवाय सोडा अशी शिफारस न्यायाधीशापुढे ठेवत. सुरुवातीला त्यांनी एक कठोर चाचणी केली. शिफारशीला पात्र ठरलेल्या आरोपींचे दोन गट केले आणि एकाच गटाची माहिती न्यायाधीशाला दिली. ज्यांची माहिती गेली त्यांतले सुमारे ६० टक्के सुटले, ज्यांची गेली नाही त्यांतले १४ टक्के. आरोपी सारखेच होते, न्यायाधीश आणि कायदाही तेच. फरक पडला तो एका पडताळलेल्या पानाने. एप्रिल १९६४ पर्यंत २,१९५ जण असे सुटले आणि त्यांतले १५ जण कोर्टात आले नाहीत.

हे आकडे वाचताना सगळ्यांची नजर त्या १५ वर जाते. माझी जाते पडताळणीवर. एक अनोळखी विद्यार्थी फोन करून विचारतो, हा तुमच्याकडे राहतो का, आणि पलीकडचा माणूस हो म्हणतो. मल्हारगंजात हे जसंच्या तसं करता येणार नाही. घरमालकाला 'मी तुरुंगातल्या मुलाची चौकशी करायला आलोय' म्हटलं की संध्याकाळपर्यंत खोली गेली. म्हणून पाठपुरावा विभागाचा प्रमुख नव्या कार्यकर्त्याला, म्हणजे केस वर्करला, सगळ्यांत आधी बोलायला शिकवतो. खोटं बोलायचं नाही, पण नको ते सांगायचंही नाही. 'विधी सेवेकडून आलोय, त्याच्या कागदासाठी पत्ता पाहिजे,' एवढं पुरतं. शेजारच्या बाईने जास्त विचारलं तर तिचा चहा घ्यायचा आणि निघायचं.

पहिली भेट शक्यतो पहिल्याच आठवड्यात तुरुंगात होते. तिथला पहिला प्रश्न 'काय केलंस' हा नसतो. 'घरी कुणाला कळवायचंय' हा असतो. गुन्ह्याबद्दल त्याने काही सांगितलं तरी ते वहीत उतरवायचं नाही. वकिलाशी झालेल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे, ते समाजकार्यकर्त्याशी झालेल्या बोलण्याला नाही. ती वही उद्या कोर्टात मागवली जाऊ शकते. म्हणून वहीत काय येतं आणि काय येत नाही, हे प्रमुखाला दर आठवड्याला बसून बघावं लागतं. मला हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं. उत्साही तरुण कार्यकर्ता सगळं लिहितो, त्याला वाटतं माहिती जितकी जास्त तितकी मदत जास्त. त्याच्या हातून एखाद्याचा कबुलीजबाब तयार होऊ नये, याची जबाबदारी प्रमुखाची.

भाषेचंही तसंच. इंदूरच्या कामावर निमाडी, माळवी, भिली बोलणारी माणसं येतात. कागद हिंदीत, निकाल कधी इंग्रजीत. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, एवढं कळतं, पण 'मुचलक्याच्या अटी' वाचून दाखवल्यावर मुलगा मान हलवतो आणि काहीच समजलेलं नसतं. चांगला केस वर्कर त्यालाच परत सांगायला लावतो: 'सांग, तारखेला कुठे यायचं? नाही आलास तर काय होईल?'

सुटकेचा दिवसही आखावा लागतो. सुटका अनेकदा संध्याकाळी होते. खिशात पैसे नसतात, फोन नसतो, खरगोनची शेवटची गाडी निघून गेलेली असते. त्या रात्री तो कुठे झोपतो यावर पुढच्या तीन महिन्यांचं बरंच काही अवलंबून असतं. जुन्या टोळक्याच्या अड्ड्यावर की काकाकडे? फाटकाबाहेर कुणीतरी उभं असायला हवं.

मग येते पेशी. महिन्यातून एकदा, दीड महिन्यातून एकदा, वर्ष, दोन वर्षं. आरोपी फरार झाला असं आपण सर्रास म्हणतो. फायली काढून बसलं तर पळालेले थोडे आणि चुकलेले जास्त दिसतात. तारीख विसरली, कोर्टाची खोली बदलली, ठेकेदाराने सुट्टी दिली नाही, मूल आजारी पडलं. न्यू यॉर्कमध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सवर झालेल्या आणि २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, समन्सचा कागद नीट आखल्यावर गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली आणि मोबाइलवर आठवणीचा संदेश पाठवल्यावर २१ टक्क्यांनी. आपल्याकडे संदेशापेक्षा आवाज बरा, कारण फोन बहुतेकदा त्याचा नसतो, चौकातल्या चहावाल्याचा असतो. तीन दिवस आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी एकदा. कामावरून परतल्यावर, म्हणजे सातनंतर.

प्रमुखाच्या टेबलावर कोर्टाच्या तारखांच्या शेजारी दुसरंही एक कॅलेंडर पाहिजे. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे बाजार भरतात, झाबुआ-अलीराजपूरपासून खरगोनपर्यंतची माणसं गावी जातात. जूनमध्ये पेरणी. दिवाळी. या दिवसांत पडलेली पेशी हुकणार हे आधीच दिसतं. वकिलाला सांगून हजेरी माफीचा अर्ज वेळेत दिला तर काहीच बिघडत नाही. दिला नाही तर अजामीनपात्र वॉरंट निघतं, काकाला नोटीस जाते, मुचलका जप्त व्हायची वेळ येते आणि पुढच्या वेळी त्या गावातला कुणीही कुणासाठी पुस्तिका घेऊन इंदूरला येत नाही. हुकलीच, तर त्याच दुपारी फोन आणि दुसऱ्या दिवशी माणूस वकिलासह कोर्टात.

या कामात पैशाचा मोह सतत समोर असतो. कागद लवकर पुढे सरकावा म्हणून कुणीतरी चहापाणी मागतं. माणूस आत आहे, रात्र होत आली आहे, पन्नास रुपयांनी काम होणार आहे. केस वर्करने द्यायचे नाहीत. एकदा दिले की त्या खिडकीवर प्रत्येकासाठी दर ठरतो. तो मोडायला प्रमुखाने स्वतः जाऊन अधिकाऱ्याशी बोलायचं, पुन्हा पुन्हा बोलायचं. सुटका दुसऱ्या दिवशी झाली तरी चालेल. हे सांगायला सोपं आहे, फाटकाबाहेर बसलेल्या आईसमोर पाळायला नाही.

आणि सगळे खटले मोटरसायकलीचे नसतात. बायकोला मारहाण केल्याच्या आरोपातला माणूस सुटल्यावर कुठे राहणार? त्याच घरात का? इथे सोडण्याच्या घाईपेक्षा तक्रारदार बाईची सुरक्षितता आधी बघायची. पत्ता वेगळा हवा, आणि दोघांशी बोलणारा कार्यकर्ता एकच असता कामा नये. सुटलेला माणूस साक्षीदाराला धमकावतो आहे असं कळलं तर काय करायचं, हे त्या दिवशी ठरवून चालत नाही. 'या एका गोष्टीत मी तुझी बाजू झाकणार नाही' हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं असावं लागतं.

आपल्याकडे हे काम करणारी सरकारी यंत्रणा एका छताखाली नाही, पण तिचे तुकडे आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे चारांतले तीन. तुरुंगातल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे, १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या आढावा समित्या २०१५ पासून आहेत, त्या दर तीन महिन्यांनी बसाव्यात असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर तुरुंग अधीक्षकाने स्वतः कोर्टाला अर्ज करायचा आहे. अनेक खटले असलेल्यांना किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे आपल्या मल्हारगंजच्या मुलाची पाळी एका वर्षाने आली असती. खरगोनला गेलेला एक फोन त्याला तेराव्या दिवशी बाहेर आणू शकला असता.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जी पावलं आखून दिली, त्यांत मला या कामाचा पूर्ण आराखडा दिसतो. जामिनाचा हुकूम त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात जायचा. सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी पॅरालीगल स्वयंसेवक किंवा तुरुंगात येणाऱ्या वकिलाला पाठवायचं. परिवीक्षा अधिकाऱ्याकडून किंवा स्वयंसेवकाकडून त्याच्या आर्थिक-सामाजिक स्थितीचा अहवाल घेऊन अट सैल करायला कोर्टाला विनवायचं. महिन्याभरात मुचलका भरला गेला नाही, तर कोर्टाने स्वतःहून अट बदलायचा विचार करायचा. न्यायालयाने स्थानिक जमानतदाराच्या अटीकडेही बोट दाखवलं. मोतीरामनंतर चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा. त्याच वर्षी केंद्राची गरीब बंद्यांसाठीची योजना आली, त्यात तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली होती. पण कोर्टाने जमीनजुमला असलेला जमानतदार मागितला असेल तर पैसा असूनही माणूस शोधावाच लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश गांधी प्रकरणात, तेरा खटल्यांत जामीन मिळूनही वेगवेगळे जमानतदार जमवता न आलेल्या माणसाला तेच जमानतदार सगळीकडे चालतील असं सांगितलं. जमानतदार म्हणून येणारा बहुतेकदा नातेवाईक किंवा जुना मित्रच असतो, हे निकालात लिहिलं गेलं ते फार बरं झालं.

महाराष्ट्रात टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत हे काम करत आला आहे. वकिलाच्या जोडीला प्रशिक्षित समाजकार्यकर्ता, हे त्यांचं सूत्र. वकील अर्ज करतो, समाजकार्यकर्ता घर शोधतो. एकट्या वकिलाला ते जमत नाही, कारण दिवसभर तो कोर्टात उभा असतो.

एक धोका मात्र आधीच ओळखलेला बरा. सोडवलेल्या माणसावर लक्ष ठेवणं आणि त्याच्यावर पाळत ठेवणं यांच्यातली सीमा पातळ आहे. जुलै २०२४ मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीने गूगल मॅपवर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावं अशी जामिनाची अट घालता येणार नाही. पाठपुरावा करणाऱ्या विभागानेही हीच मर्यादा पाळावी. जो माणूस साध्या जातमुचलक्यावर सुटला असता, त्याला दर आठवड्याच्या हजेरीत अडकवून आपली संख्या फुगवायची नाही. महिन्याच्या शेवटी प्रमुखाने मोजायच्या त्या दोनच गोष्टी: हुकूम आणि सुटका यांत किती दिवस गेले, आणि किती पेश्यांना माणूस वेळेवर उभा होता.

त्या मुलाची फाइल आता उघडून बघू. पहिल्या पानावर पत्त्याची जागा आहे. नव्या केस वर्करने तिथे 'मल्हारगंज, इंदूर' एवढंच लिहिलं होतं. प्रमुखाने ते खोडलं आणि त्याला परत पाठवलं. दुसऱ्यांदा तो जाऊन आला तेव्हा लिहिलं गेलं: दुधाच्या दुकानासमोरचा जिना, दुसरा मजला, मागची खोली. खोली घरमालकाने काढून घेतली, सामान जिन्याखाली, महिना अखेरपर्यंत ठेवायला तयार. फोन: कोपऱ्यावरचा चहावाला, सातनंतर. काकाचा फोन: पाड्यावरच्या किराणा दुकानाचा, सकाळी. पुस्तिका काकाकडे, तिच्यावर आधीची नोंद नाही. सोमवारच्या पहिल्या गाडीने येतो म्हणाला.